गांजा, चरस, भांग आणि कायदा : कोकण किनाऱ्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच झाडाचं सगळं, मग भांगेला एक नियम आणि गांजाला दुसरा, असं का?

झाड एकच असले तरी कायदा बघतो तो झाडाचा कोणता भाग तुमच्याजवळ आहे ते. १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे पोलिसांच्या आणि वकिलांच्या तोंडी असलेला एनडीपीएस कायदा, तीन गोष्टी धरतो. झाडापासून वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस, हशीश तेलही त्यातच. फुलोरा किंवा फळे धरलेला शेंडा म्हणजे गांजा. आणि या दोहोंचे कुठलेही मिश्रण किंवा पेय. शेंडा सोबत नसेल तर नुसती पाने आणि बी गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांची होते, म्हणून ती या केंद्रीय कायद्यातून सुटते. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही व्याख्या अशीच आहे.

पण केंद्रीय कायद्यातून सुटली म्हणजे महाराष्ट्रात मोकळी झाली असे नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणे, विकणे, पिणे हा गुन्हा आहे. उत्तर प्रदेशात, राजस्थानात सरकारमान्य दुकानात भांग मिळते. गुजरातने तोच जुना मुंबई राज्याचा कायदा वापरून २०१७ मध्ये भांग मादक द्रव्यांच्या यादीतून काढली. वाराणसीला जाऊन आलेल्याने तिथली गोळी शिमग्यासाठी पिशवीत घालून चिपळूणला आणली, तर तिथला परवाना इथे चालणार नाही.

किती मालाला किती शिक्षा?

हे आकडे पाठच करावेत. १९ ऑक्टोबर २००१ च्या केंद्रीय अधिसूचनेने ते ठरवले आहेत.

गांजा : १ किलोच्या आत अल्प प्रमाण, २० किलोच्या वर व्यापारी प्रमाण.
चरस : १०० ग्रॅमच्या आत अल्प, १ किलोच्या वर व्यापारी.
अल्प प्रमाण : १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
मधले प्रमाण : १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड.
व्यापारी प्रमाण : किमान १० आणि कमाल २० वर्षे, शिवाय १ ते २ लाख दंड.

शेवटच्या ओळीतला ‘किमान’ हा शब्द नीट वाचा. व्यापारी प्रमाण शाबीत झाले की न्यायाधीशाला दया आली तरी दहा वर्षांच्या खाली येता येत नाही. दुसरे असे की मधल्या पट्ट्यात ९० ग्रॅम चरसवाला नाही, पण ११० ग्रॅमवाला आहे. वीस ग्रॅमच्या फरकाने एक वर्षाची कमाल थेट दहा वर्षांवर जाते. आमच्या मते या कायद्याचा हाच सर्वांत कठोर आणि सर्वांत कमी समजलेला भाग आहे : माणूस कोण आहे यापेक्षा काटा काय दाखवतो त्यावर सगळे ठरते.

वजन कशाचं धरतात? काड्या, पाने, केक, बिस्किटंसुद्धा?

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सांगितले की अमली द्रव्य आणि त्यात मिसळलेला निरुपद्रवी पदार्थ यांचे एकत्र वजन धरायचे, शुद्ध द्रव्याचे वेगळे नाही. म्हणून चरस घातलेल्या ब्राउनीचा तुकडा ‘त्यात असतं कितीसं’ म्हणून घेणारा चुकतो. तपासयंत्रणा अख्ख्या केकचे वजन मांडू शकते.

गांजाच्या बाबतीत मात्र व्याख्येतच शेंडा लिहिलेला असल्यामुळे काड्या, देठ, सुटी पाने एकत्र तोलली असतील तर बचाव पक्षाला मुद्दा मिळतो. पंचनाम्यात शेंडे वेगळे केल्याची नोंद नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत जामीन दिलेला आहे. वकिलाने पंचनामा हातात आला की पहिल्यांदा ही ओळ शोधावी.

किनाऱ्यावर पाकीट सापडलं तर काय करायचं?

ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे या किनाऱ्यांवर आणि वर श्रीवर्धनच्या बाजूला चरसची पाकिटे लाटांबरोबर येऊन पडली. सीमाशुल्क खात्याने आणि पोलिसांनी मिळून दोनशे किलोंहून अधिक माल गोळा केला. पावसाळी वाऱ्याने आणि प्रवाहाने भरसमुद्रात टाकलेल्या वस्तू आपल्या किनाऱ्याला लागतात हे मच्छीमाराला वेगळे सांगायला नको. थर्माकोल, जाळ्याचे बोये, पिंपे येतात तशीच ही पाकिटे आली.

आता काटा लावून बघा. त्या वेळी मिळालेले एकेक पाकीट एक किलोपेक्षा थोडे जास्तच भरत होते. म्हणजे एकच पाकीट घरी नेले तरी व्यापारी प्रमाण, म्हणजेच किमान दहा वर्षे. ‘काय आहे ते बघू म्हणून नेलं’ हे उत्तर न्यायालयात फार जड जाते, कारण कलम ३५ आणि ५४ प्रमाणे माल तुमच्याकडे सापडला की तुम्हाला माहीत होते असे आधी गृहीत धरले जाते. माहीत नव्हते हे तुम्हाला सिद्ध करायचे असते, तेही संशयाला जागा न ठेवता.

म्हणून करायचे ते असे. पाकिटाला हात लावू नका, पायाने उलटू नका, फाडून वास घेऊ नका. भरती चढत असेल आणि ते वाहून जाईल असे वाटले तरी उचलून पडवीत आणू नका. जागा लक्षात ठेवा : कुठल्या सुरूच्या बनासमोर, कुठल्या खडपाजवळ. लांबून एक फोटो काढा, त्यात वेळ आपोआप नोंदली जाते. मग ११२ किंवा सागरी सुरक्षेच्या १०९३ वर फोन करा, आणि पोलीस पाटलांना किंवा गावातल्या सागर रक्षक दलाच्या माणसाला बोलावून घ्या. पोलीस येईपर्यंत दुसरा एखादा माणूस सोबत असावा. फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. त्याने बघ्यांची गर्दी होते, आणि एखादे पाकीट कमी झाले की चौकशी ग्रुपमधल्या प्रत्येकाची होते.

जाळ्यातच आलं तर? भर दर्यात आहोत, किनारा चार तास लांब.

परत पाण्यात फेकायचा मोह होतो, कारण बंदरावर तपासणी म्हणजे दिवसभराचा खोळंबा आणि मासळीचे नुकसान. तरीही फेकू नका. तांडेलाने वायरलेसवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर ताबडतोब कळवावे, जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश आणि वेळ लिहून ठेवावी, आणि पाकीट जाळ्यासकट एका बाजूला, सगळ्या खलाशांच्या डोळ्यांसमोर ठेवावे. कळवल्याची वेळ आणि सापडल्याची वेळ यांत अंतर जितके कमी तितकी होडी सुरक्षित. कलम ६० नुसार अशा मालाची वाहतूक केलेले वाहन किंवा होडी जप्त होऊन सरकारजमा होऊ शकते. ते टाळायला मालकाला दाखवावे लागते की हे त्याच्या आणि होडीवर नेमलेल्या माणसाच्या नकळत झाले आणि दोघांनी पुरेशी काळजी घेतली होती. कर्ज काढून घेतलेल्या यांत्रिक होडीच्या मालकाने खलाशांना हंगामाच्या सुरुवातीलाच हे समजावून सांगावे.

गोव्यात चालतं ना?

नाही. एनडीपीएस केंद्राचा कायदा आहे. गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे आणि पलीकडे कलम तेच, वजने तीच, शिक्षा तीच. गोव्यात वेगळे आहे ते दारूचे, आणि त्यामुळे इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबते ती बहुधा दारूसाठी. पण डिकी एकदा उघडली की समोर दिसेल ते सगळे तपासले जाते. हणजूणला कोणी उघडपणे ओढताना दिसला म्हणून तिथे कायदा नाही, हा समज सावंतवाडी-कुडाळच्या कॉलेजातल्या मुलांना फार महाग पडतो.

चौघे मित्र गाडीत, पुडी एकाच्या खिशात. बाकीच्यांना काय?

ज्याच्या खिशात आहे त्याच्यावर बाळगल्याचा गुन्हा. बाकीच्यांना माहीत होते, त्यांनी पैसे जमा केले होते, ‘तू आण, आम्ही देतो’ असे चॅट आहे, तर कलम २९ लागते : साथ देणे किंवा कट. त्याची शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच. मोबाइलवरून पाठवलेले पाचशे रुपये आणि त्याखाली लिहिलेला मजकूर हा आजकालचा नेहमीचा पुरावा आहे. आणि मित्राला फुकट दिली तरी कायद्याच्या भाषेत तो माल दुसऱ्याच्या हाती देणेच ठरते.

नुसता ओढला होता, जवळ काहीच नव्हतं. तरी गुन्हा?

हो. कलम २७ प्रमाणे गांजा-चरसाच्या सेवनाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चाकरमान्यांच्या बागेत, होमस्टेत दुसऱ्यानेच काही केलं तर मालक अडकतो का?

दोन वेगळी कलमे आहेत आणि दोन्ही कोकणाला लागू पडणारी आहेत.

खोली, घर, गाडी, होडी यांचा वापर जाणूनबुजून करू दिला तर कलम २५, शिक्षा मूळ गुन्ह्याचीच. इथे ‘जाणूनबुजून’ महत्त्वाचे. पाहुणे खोलीत काय करतात ते दार वाजवून बघायची जबाबदारी मालकावर नाही. पण वास आल्याची तक्रार दुसऱ्या पाहुण्यांनी केली, मालकाने ‘असू दे, सीझन आहे’ म्हटले, तर माहिती नव्हती हे म्हणता येत नाही. प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र आणि वहीत नोंद, खोलीच्या नियमांत एक स्पष्ट ओळ, आणि तक्रार आली तर पोलिसांना कळवल्याची नोंद, एवढे केले तरी बचाव उभा राहतो.

झाडांबाबत नियम आणखी कडक. एक झाड असो की शंभर, गांजाचे झाड लावणे म्हणजे कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. कुंडीतले शोभेचे म्हणून सूट नाही. आणि कलम ४६ सांगते की आपल्या जमिनीत असे झाड बेकायदा लावलेले असेल तर जमीनधारकाने लगेच कळवले पाहिजे. मुंबईत राहणारा मालक, बाग राखणीला दिलेली, वर्षातून गणपतीला आणि आंब्याला फेरी, अशा ठिकाणी आंब्याच्या कलमांच्या मागच्या दगडी गड्ग्यालगत काय उगवले ते मालकाला खरोखर माहीत नसते. माहीत झाल्यावर गप्प बसणे हा गुन्हा आहे. कलम ४७ खाली सरपंच, पंच आणि गावकामगारांवरही कळवायचे बंधन आहे. स्वतः उपटून जाळू नका. पोलिसांसमोर पंचनामा होऊ द्या.

झडती घेताना पोलिसांनी काय पाळायला हवं?

अंगझडती असेल तर कलम ५० : तुम्हाला सांगितले पाहिजे की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो हक्क सांगितलाच नाही तर त्या झडतीत मिळालेल्या मालावर आधारलेली शिक्षा टिकत नाही. पण हे फक्त अंगावरच्या झडतीला. सॅक, डिकी, खोली यांना कलम ५० लागू नाही. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची.

घरात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात वॉरंटशिवाय शिरायचे तर कारणे आधी लिहून ठेवावी लागतात आणि ती वरिष्ठांना ७२ तासांत पाठवावी लागतात. रस्ता, किनारा, एसटी स्टँड अशा सार्वजनिक जागी हे बंधन नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचे चित्रीकरण करणे सांगितलेले आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे गांजा-चरसाचा नमुना किमान २४ ग्रॅमचा, दोन प्रतींत, आणि तो दंडाधिकाऱ्यासमोर काढायचा.

कोऱ्या कागदावर सही करू नका. पंचनाम्यात लिहिलेले वजन आणि काट्यावर दिसलेले वजन एकच आहे का ते बघा. अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तोफान सिंग खटल्यात २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. पण त्यातून सांगितलेली जागा खोदून माल निघाला, तर चित्र बदलते.

जामीन मिळतो का?

व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ आडवे येते. सरकारी वकिलाला संधी दिल्यावर न्यायालयाची खात्री पटावी लागते की आरोपी दोषी नसावा असे मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही. आरोपपत्रासाठी नेहमीच्या ९० ऐवजी १८० दिवस मिळतात. सहा महिने आत, खटला सुरूही झालेला नाही, ही स्थिती नेहमीची आहे.

अल्प प्रमाणात जामीन सहसा मिळतो, पण तो हक्काने नाही. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात अल्प प्रमाण जामीनपात्र मानले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्यातले सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत असे म्हटले.

कुठे जायचे : अल्प प्रमाण तालुक्याच्या दंडाधिकाऱ्याकडे, तीन वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हे विशेष न्यायालयात. तिथे फेटाळले तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या खंडपीठाकडे जायचे आहे, रायगडला मात्र मुंबईच. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (रत्नागिरी, ओरोस, अलिबाग) मोफत वकील देते. अटकेत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

पोराला सवय लागलीय. डॉक्टरकडे नेलं तर पोलिसांत जाईल का?

नेलेच पाहिजे. कलम ६४अ याचसाठी आहे : व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. गुन्हा शाबीत झाल्यावरही कलम ३९ प्रमाणे न्यायालय तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकते. वकील ही विनंती करायलाच विसरतात, म्हणून घरच्यांनी आठवण करून द्यावी.

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. लोकलाजेस्तव मुलाला मुंबईच्या मावशीकडे पाठवून देणे हा उपाय नाही. तिथे माल अधिक सहज मिळतो.

जहाजावर आहे, कॅनडात उतरलो, तिकडे कायदेशीर आहे. घेतला तर?

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून मोकळीक दिली, प्रौढाला सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅमपर्यंत बाळगता येते. पण आपल्या कायद्याच्या कलम १ मध्ये २००१ च्या दुरुस्तीने असे घातले आहे की तो भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही आणि भारतात नोंदलेल्या जहाजांवरच्या प्रत्येकालाही लागू आहे. त्याहून रोकडा धोका कंपनीच्या चाचणीचा. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत अंश तीन-चार आठवड्यांनीही दिसू शकतो. चाचणीत तो कायदेशीर दुकानातून घेतला होता की नाही हे दिसत नाही. करार जातो, सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकावर, डाग बसतो. आणि इथे खटला प्रलंबित असेल तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय पासपोर्ट अडतो, म्हणजे एका पुडीत दर्यावरची नोकरी संपली.

सिंगापूरला ५०० ग्रॅमहून अधिक गांजाच्या तस्करीला फाशी आहे. आखातातही कायदे अतिशय कडक आहेत. तिकडे निघालेल्याच्या बॅगेत शेजाऱ्याने दिलेले बंद पार्सल ठेवू नका, कितीही जवळचा असला तरी उघडून बघा. याच ओघात सांगायला हवे : खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. दिवाळीच्या डब्यातले खसखशीवर थापलेले अनारसे आणि आईने भाजून दिलेला मसाला यांनी विमानतळावर माणसे थांबवली जाऊ शकतात. दुबईच्या डब्यात अनारसे घालू नका.

हेम्पचं (याच झाडाचं) तेल, बिया, सीबीडी (झाडातला नशा न आणणारा घटक) ऑनलाइन मिळतात. ते कसं?

बिया, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. टीएचसी म्हणजे नशा आणणारा घटक बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत हवा. पानांपासूनची ‘विजया’ (भांगेचे आयुर्वेदातले नाव) असलेली औषधे आयुर्वेदिक परवान्याने निघतात आणि वैद्याच्या चिठ्ठीवर घ्यायची असतात. बाटलीवर परवाना क्रमांक नसेल, किंवा परदेशातून मागवली असेल, तर ती औषध मानली जाईल याची खात्री नाही.

बाहेर जग मोकळं करतंय, आपण का नाही?

जग एका दिशेने चाललेले नाही. उरुग्वेने २०१३ मध्ये पहिला राष्ट्रीय कायदा केला. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून सोबत २५ ग्रॅम आणि घरी तीन झाडे मान्य केली. अमेरिकेत राज्याराज्यांत मुभा, पण केंद्राच्या यादीत अजूनही बंदी. थायलंडने जून २०२२ मध्ये यादीतून काढले, दुकाने फोफावली, आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. पोर्तुगालने २००१ मध्ये वेगळा रस्ता धरला : दुकान नाही, विक्री गुन्हाच, पण स्वतःपुरते बाळगणाऱ्याला तुरुंग नाही, समितीसमोर जावे लागते.

आपला इतिहासही बघावा. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने माफक सेवनाने फारसे नुकसान दिसत नाही असे सांगून सरसकट बंदीची शिफारस केली नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला, आणि भारताने बाजूने मत दिले. एम्सच्या २०१९ मधील पाहणीत सुमारे ३ कोटी १० लाख भारतीयांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचे आढळले. यांतल्या गांजा-चरस घेणाऱ्या माणसांना गुन्हेगार ठरवणारा कायदा पाळला जात नाही, तो निवडून लावला जातो, आणि ज्याच्यापाशी वकील नाही त्याच्यावर आधी.

दुसरी बाजूही तितकीच खरी. कोवळ्या वयात सुरुवात केलेल्यांत व्यसन जडण्याचे प्रमाण जास्त असते, आणि ज्यांच्या घराण्यात मानसिक आजार आहे त्यांना भ्रम, संशय यांचा धोका वाढतो. दापोली किंवा कणकवलीत मानसोपचारतज्ज्ञाची वेळ मिळायला किती दिवस लागतात ते घरच्यांना विचारा. उपचाराची सोय उभी नसताना दुकान आधी उघडणे आम्हाला मान्य नाही. पण स्वतःपुरते बाळगणाऱ्याला फौजदारी खटल्यातून काढून समुपदेशनाकडे पाठवणे, आणि १०० ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे एक वर्ष आणि दहा वर्षे ही दरी बुजवणे, हे आजच व्हायला हवे. त्यासाठी तस्कराला सूट द्यावी लागत नाही.

मग महाराष्ट्र स्वतः परवानगी देऊ शकतो का?

नशेसाठी नाही. राज्याला कलम १० खाली वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोगापुरता परवाना देता येतो, आणि कलम १४ खाली सरकारी आदेशाने धागा, बी किंवा बागकामासाठी लागवड करू देता येते. उत्तराखंडने २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसी असलेल्या हेम्पला अशी वाट दिली. हिमाचलच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये लागवडीच्या बाजूने ठराव केला. कोकणातल्या शेतकऱ्याला कोणी ‘हेम्पचं रोप लावा, माल आम्ही उचलतो’ असा करार दाखवला, तर आधी राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाचा लेखी परवाना मागा. परवाना नसेल तर त्या करारात बी त्यांचे आणि कलम २० तुमचे.